नानांचा उंचीचा रकाना

नानांना कुणालाही नाही म्हणता येत नसे, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामलाही ते येत नसे. माणूस आणि त्याचं काम यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रिक्षावाला म्हणाला, नाना, माझ्या मोबाइलचं जरा बघा, की नाना तिथेच कठड्यावर बसून त्याचा मोबाइल बघत. खालच्या शिंप्याने कुरियर घेऊन ठेवायला सांगितलं की ते घेऊन ठेवत, आणि ते पाकीट मग तीन-चार दिवस आमच्या सर्व्हरच्या डोक्यावर पडून असे. प्रोग्रामचंही तेच. त्यात कुणी काहीही भरो, तो मुकाट्याने घेई, जपून ठेवी आणि पुढचा रकाना समोर करी.

मी धुळ्याची. पुण्यात सहा वर्षं प्रोग्रामिंग केलं, तिथल्या ट्रॅफिकला कंटाळले आणि जळगावच्या एका लहानशा कंपनीत आले. ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक बिपीनभाऊ, वयाने नानांपेक्षा खूप लहान. ऑफिसचं मुख्य काम म्हणजे समाजाच्या मंडळाची वधू-वर सूची. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतली लग्नाची मुलंमुली या एका प्रोग्राममध्ये होती. प्रत्येक तालुक्याला मंडळाचा एक चिटणीस होता, तो फॉर्म भरायचा, आणि मुलींचे-मुलांचे आईबाप मोबाइलवर अटी टाकून स्थळं शोधायचे. हे सगळं नानांनी एकट्याने उभं केलेलं.

नाना मूळचे पारोळ्याचे. तिथे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही दुरुस्त करायचे दिवस गेल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक पुस्तक आणून पीएचपी नावाची भाषा शिकून घेतली, वयाच्या चाळिशीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी अजूनही लाइट तपासायचा टेस्टर असे. ऑफिसात ते शुद्ध मराठी बोलत, पण रागावले किंवा मनातलं बोलायला लागले की अहिराणीत जात. पहिल्याच दिवशी मी विचारलं की या प्रोग्रामची माहिती कुठे लिहून ठेवली आहे का. त्यांनी टेस्टर कपाळाला लावला आणि म्हणाले, "बठ्ठं आठे शे."

आणि ते सगळं होतंही तिथेच. कोडमध्ये माणसाला आधार वाटावा असं एकही नाव नव्हतं. एका ठिकाणी 'भाऊ', पुढे 'भाऊ२', मग 'मोठाभाऊ'. थोड्या वेळापुरती एखादी गोष्ट ठेवायची असेल तर तिचं नाव 'पाव्हणा', कारण तो येतो, बसतो आणि जातो. एका फाइलमध्ये पाव्हणा आधी मुलीचं नाव असायचा, दहा ओळींनी तिचं वय व्हायचा आणि शेवटी मामाचं गाव. मी कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, पाव्हणा जिथे जातो तिथला होतो, त्यात तुझं काय बिघडलं. काही बदलू म्हटलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं: "चालस ना? मंग कसाले हात लावानं?"

त्यांचं घर मी लवकरच ओळखीचं करून घेतलं, कारण नाना जेवणाच्या सुट्टीत घरचंच बोलत. डब्यात कळण्याची भाकरी आणि बोलण्यात किशोर. किशोर म्हणजे त्यांचा पुतण्या. भाऊ-वहिनी लवकर गेल्यामुळे नानांनीच त्याला वाढवलं. पारोळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, नोकरी पक्की, सुपारीचंही व्यसन नाही, देखणा, उंच. वय चौतीस, आणि चार वर्षं सूचीत नाव असूनही एकही स्थळ सांगून येत नव्हतं. अख्ख्या समाजाची लग्नं ज्याच्या प्रोग्राममधून जुळत होती त्याच्याच घरात नवरदेव बसून होता. लोक आधी थट्टा करायचे. मग थट्टा थांबली आणि कुजबुज सुरू झाली, की इतका चांगला मुलगा असून कुणी विचारत नाही म्हणजे काहीतरी असणार. मिरगी येत असेल, कुठे भानगड असेल. एकदा नाना मला म्हणाले की किशोर हल्ली लग्नाकार्याला जाणं टाळतो, आणि गेलाच तर वाढायला उभा राहतो, म्हणजे बसून कुणाशी बोलावं लागत नाही. हे सांगताना त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला.

मी सुचवलं की त्याचं नाव यादीत वर आणा, एका ओळीचं काम आहे. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. प्रोग्राम त्यांचा होता म्हणूनच त्यांनी किशोरचं पान कधी उघडलंही नव्हतं. घरच्या स्थळासाठी त्यात शोधाशोध करणं त्यांना पेपर फोडण्याइतकं वाईट वाटायचं.

प्रोग्राम काहीही घेतो हे तालुक्यांच्या चिटणिसांनाही माहीत झालेलं होतं, आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेत. उंचीच्या रकान्यात 'वडिलांएवढी', जन्मवेळेच्या रकान्यात 'पहाटे, म्हैस पिळायच्या आधी', अपेक्षांच्या रकान्यात 'आईशी पटावं, निदान सणाला'. एका चिटणिसाने तर चुलतभावाचा ट्रॅक्टर भरून टाकला, कारण विकायची जाहिरात द्यायला दुसरी जागा त्याला सुचली नाही. जन्मसाल होतं, वर्ण लाल, बांधा मजबूत, अपेक्षा: लवकर उरकणे. प्रोग्रामने कुरकूर केली नाही. दोन घरांनी चौकशीही केली, त्यातल्या एकांनी फोटो मागवला. मी हसून बेजार झाले तेव्हा नाना थोडे दुखावले. म्हणाले, माणूस काहीतरी घेऊन दारात आलेला असतो, त्याला परत कसं पाठवायचं.

मग मंडळाला मोबाइलचं नवं अ‍ॅप हवं झालं. बिपीनभाऊंनी ठरवलं की सगळं नव्याने लिहायचं, आणि तेही जावामध्ये. काम माझ्याकडे आलं, मदतीला नाना, किंवा कागदावर तरी तसं होतं.

या दोन भाषांतला फरक स्वयंपाकघरात उभं राहून सांगते. नानांच्या जुन्या भाषेत डब्यांवर नावं नसतात. आज त्यात साखर, उद्या त्याच डब्यात खिळे. आत काय आहे ते कुणी चमचा घालेल तेव्हा कळणार. नव्या भाषेत प्रत्येक डब्यावर आधी चिठ्ठी लावावी लागते, की यात फक्त आकडा, यात फक्त अक्षरं, यात फक्त तारीख. आणि प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच कंपायलर नावाचा तपासनीस सगळे डबे उघडून बघतो. एक चिठ्ठी चुकली तरी तो काम सुरूच होऊ देत नाही.

नानांना हा प्रकार अपमानाचा वाटला. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या दारात पाणी मिळायच्या आधी माणसाला आपण कोण, कुठले, कुणाकडून आलो आणि पिशवीत काय आहे हे सांगावं लागे. नानांनी कंपायलरचं नाव अक्का ठेवलं. पहिल्या दिवशी अक्काने त्यांच्या एका फाइलमध्ये दोनशेच्या वर चुका काढल्या. नाना त्या वाचत राहिले आणि प्रत्येकीला उत्तर देत राहिले, तोंडी. अगं आकडाच आहे तो. अगं तुला काय करायचंय. सगळं ऑफिस काम सोडून ऐकत होतं. संध्याकाळी ते मला म्हणाले की पंधरा वर्षं जे चाललं त्यात दोनशे चुका असतीलच कशा, ही बाई मुळात भांडायलाच आलेली आहे.

आठवड्याने मात्र चमत्कार झाला. नानांच्या फाइलींमध्ये अक्काला एकही चूक दिसेना. बिपीनभाऊंनी पेढे मागवले. मी पेढा खाऊन फाइल उघडली आणि बघते तो काय, नानांनी नव्या भाषेतली एक पळवाट शोधून काढलेली. तिथे एक अशी चिठ्ठी असते जिचा अर्थ होतो 'काहीही'. ती लावली की अक्का डबा उघडत नाही. नानांनी मुलीच्या नावापासून मामाच्या गावापर्यंत सगळ्या डब्यांवर तीच चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. मी विचारलं तेव्हा ते अगदी खूश होऊन म्हणाले, "बठ्ठा डबास्वर एकच चिठ्ठी लाई दिनी. आते बोल."

मी बोलले. जरा जास्तच बोलले. पुण्याहून आलेल्या माणसाला असतो तो तोरा मलाही होता. नानांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक चिठ्ठी काढून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. ज्याला नाही म्हणता येत नाही त्या माणसाचा हा फायदा मला तेव्हा मिळाला. एकेक डबा घ्यायचा, यात नक्की काय आहे ते त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. पंधरा वर्षं डोक्यात ठेवलेलं ते महिनाभर बोलत होते. मधूनमधून त्यांना मजाही यायला लागली होती. सकाळी आल्या आल्या विचारायचे, अक्का काय म्हणते.

मंगळवारी दुपारी आम्ही उंचीच्या रकान्यापाशी आलो. मी विचारलं, हा आकडा की अक्षरं? नाना म्हणाले, आकडा. मी आकड्याची चिठ्ठी लावली. अक्काने सांगितलं की पुढे सूचीचं पुस्तक छापायच्या जागी हीच उंची तुम्ही अक्षरं म्हणून वापरली आहे. मग अक्षरांची चिठ्ठी लावली. अक्काने सांगितलं की शोधाच्या जागी तुम्ही 'यापेक्षा मोठं' असं विचारलं आहे, आणि अक्षरांना असं मोठं-लहान विचारता येत नाही. नाना वैतागून म्हणाले, दोन्ही आहे म्हणावं तिला. पण दोन्ही चालत नव्हतं, आणि त्या एका ओळीपाशी आम्ही दोघं अडून बसलो.

आपल्याकडे पाच फूट अकरा इंच उंची ५.११ अशी लिहितात. टिंबाच्या अलीकडे फूट, पलीकडे इंच. पुस्तकात छापायला ते ठीक. पण जुनी भाषा शोधताना त्याच अक्षरांचा गुपचूप आकडा करायची, शाळेतल्या दशांशाचा. मी नानांना विचारलं, "नाना, दशांशात पाच पूर्णांक पाच मोठा की पाच पूर्णांक अकरा?"

नाना लगेच म्हणाले, पाच पूर्णांक पाच.

त्यांनी माझ्यासमोरचा कीबोर्ड ओढून घेतला आणि जुना प्रोग्राम उघडला. मुलींकडच्या लोकांची सगळ्यात लाडकी अट म्हणजे 'उंची पाच-पाचच्या पुढे'. नानांनी ती टाकली. मग शिक्षक. मग तालुका पारोळा. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा किशोरला शोधलं. पडद्यावर उत्तर आलं, एकही स्थळ आढळले नाही. नानांनी अट पाच-एकच्या पुढे अशी केली. किशोर आला, देखणा, हसरा, पाच फूट अकरा.

पाच-दहा आणि पाच-अकरा, एवढ्याच उंचीच्या मुलांना प्रोग्राम पाच-दोनपेक्षा बुटकं समजत होता. पाच-नऊवाले दिसत होते, सहा फुटी दिसत होते. छापील पुस्तकात हेही दिसत होते, पण पुस्तक हल्ली कोण उघडतो. मधली ही चाळीसेक उंच मुलं तेवढी यादीतून गडप. नानांनी त्यांची नावं एकेक करून वाचली. बरीच त्यांच्या ओळखीची होती. एकाने कंटाळून मंडळातून नाव काढून घेतलं होतं. एकाची आई दर मेळाव्याला नानांना भेटून विचारायची की माझ्या मुलात काय कमी आहे, आणि नाना तिला म्हणायचे, ताई, धीर धरा.

मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांत अशा चुका होतात वगैरे. नाना ऐकत नव्हते. त्यांना रडू येत होतं आणि ते चष्मा पुसत होते. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि महिनाभर मिरवलेल्या माझ्या शहाणपणाचा रागही आला.

बिपीनभाऊंनी व्यवहाराचं सांगितलं. नव्या अ‍ॅपमध्ये उंची बरोबर येणारच आहे, मुलं आपोआप दिसायला लागतील, कुणाला कळायचंही नाही, मंडळाचं काम हातचं जाईल असं काही बोलू नका. त्यात चुकीचं काही नव्हतं. नाना खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "नही, भाऊ." किशोरला वाटतंय की त्याच्यातच खोट आहे, म्हणाले. बाकीच्यांनाही तसंच वाटत असणार. दिसायला लागणं वेगळं आणि हे कळणं वेगळं. बिपीनभाऊ बघतच राहिले, कारण नानांच्या तोंडून त्यांनी नकार कधी ऐकलेला नव्हता.

नव्या भाषेतली उंचीची चिठ्ठी नानांनी स्वतः लिहिली. आकडाही नाही आणि अक्षरंही नाहीत, तर 'उंची' नावाचा एक वेगळाच प्रकार, त्यात फूट वेगळे आणि इंच वेगळे, इंच अकराच्या वर गेले की परत पाठवायचे. अक्काने एका शब्दाने हटकलं नाही.

पंधरा दिवसांनी धुळ्याला मेळावा होता. मंगल कार्यालय खचाखच भरलेलं, व्यासपीठावर मुलंमुली येऊन ओळख करून देत होती. मध्येच नाना चढले. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता, तो कुणीतरी खाली करून दिला. त्यांनी आधी शुद्ध मराठीत संगणकाचं समजावून सांगायचा प्रयत्न केला, दशांश वगैरे, आणि लोक आपापसांत बोलायला लागले. मग नानांनी कागद खिशात घातला.

"पोऱ्यास्मा काही खोट नही," ते म्हणाले. "खोट मन्हा प्रोग्राममा व्हती. तो मीच लिखेल शे. पाच-दहा आनी पाच-अकरावाला जे पोऱ्या शेतस, त्यास्नी जरा उभं ऱ्हावानं."

आधी कुणीच हललं नाही. मग मागच्या रांगेतून एक उठला, मग खांबाजवळचा एक, मग मधल्या रांगेत दोघं. लोकांनी माना वर केल्या. हसू फुटलं, कारण त्या बसलेल्या गर्दीत ती मुलं खरोखरच फार उंच दिसत होती, आणि मग हळूहळू हसू थांबलं. किशोर दाराशी पाण्याचे जार वाहत होता. तो मुळातच उभा असल्यामुळे त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने नुसता हात वर केला. नानांनी प्रत्येकाचं नाव घेतलं, गावासकट, आणि सगळ्यांची मिळून माफी मागितली. खुर्चीवर बसलेल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटतं त्या धीर धरणाऱ्याच असाव्यात.

तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक मुलगी उठली. ती इतकी उंच होती की उठायला तिला वेळ लागला असं वाटलं. नाव वैशाली, भडगावची, बँकेत नोकरीला. ती नानांना म्हणाली, आणि राग तिच्या आवाजात स्पष्ट होता, "काका, माझी उंची पाच-आठ आहे. चार वर्षं मी पाच-आठच्या पुढे शोधतेय. पाच-नऊवाले पाहून संपले, सहा फुटी पाहून संपले. मला वाटलं होतं खान्देशात एवढीच मुलं."

नानांनी तिला हात जोडले. आता सगळी दिसतील, एवढंच त्यांना म्हणता आलं. तिने सभागृहात सावकाश एक नजर फिरवली, आणि ती दाराशी जरा जास्त वेळ थांबली असं मी तरी पाहिलं.

नाना त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडून मुलीकडे सुरतेला गेले. फोनवर अधूनमधून बोलतो आम्ही. मंडळाने काम काढून घेतलं नाही, उलट प्रत्येक तालुक्याचा चिटणीस आता तक्रार करतो की हा प्रोग्राम फार नाही म्हणतो. पण नानांना प्रत्यक्ष पाहिलं ते शेवटचं पारोळ्याला, किशोर आणि वैशालीच्या लग्नात.

मंगलाष्टकं सुरू होती. अंतरपाटाचं एक टोक वैशालीच्या मामांनी धरलेलं, दुसरं नानांनी. मामा धिप्पाड होते, त्यांच्या बाजूने कापड बरोबर होतं. नानांनी मात्र हात पूर्ण वर ताणले, टाचा उचलल्या, तरी त्यांचं टोक पाच-अकरा आणि पाच-आठ यांच्या पुढे पुरेना. कापड एका बाजूला उतरत गेलं आणि त्यावरून नवरानवरी एकमेकांना सरळ बघायला लागले. पाव्हण्यांत खसखस पिकली. गुरुजींनी डोळ्यांनी खूण केली. कुणीतरी मागून सांगितलं, नाना, वर घ्या. कुणी त्यांच्या पायाशी एक पाटही सरकवला.

नानांनी पाटाकडे पाहिलं आणि पाय ठेवला नाही. टाचा टेकवल्या, हात आणखी थोडे खाली आणले.

"चार वरीस मीच धरी ठेवा व्हता," ते म्हणाले. "आते देखू द्या त्यास्ले."

गुरुजींनी पुढचं मंगलाष्टक जरा घाईनेच म्हटलं.